नाव आधी कोणाचे?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजातली दोन मुले एक भांडण घेऊन माझ्याकडे आली. स्नेहसंमेलनासाठी त्यांनी एक छोटीशी संगीतिका बसवायला घेतली आहे. एकाने ती लिहिली आहे, दुसऱ्याने चाली बांधल्या आहेत. नेपथ्य करणारी तिसरी मुलगी दाराशी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या मुद्रेवरून तिला या दोघांचाही सारखाच कंटाळा आलेला दिसत होता. भांडण संगीतिकेबद्दल असते तर मला आनंद झाला असता. पण संगीतिका अजून निम्मीही बसलेली नव्हती. भांडण होते छापायच्या पत्रिकेबद्दल. नाव आधी कोणाचे?

"सर, शब्दच नसते तर यानं चाल कशाला लावली असती?" पहिला म्हणाला.

"याच्या शब्दांना चाल लावताना माझी काय दशा झाली ते मलाच ठाऊक!" दुसरा म्हणाला.

मी मराठी शिकवतो. तेव्हा निकाल शब्दांच्या बाजूने लागणार अशी पहिल्याची खात्री दिसली. दुसऱ्याचीही तीच खात्री होती, म्हणून तो आधीच रुसला होता. क्षणभर वाटले, खाडिलकर नि गोविंदराव टेंबे यांचा दाखला देऊन दोघांना वाटेला लावावे. १९११ च्या त्या नाटकाची पदे एकाची, चाली दुसऱ्याच्या, आणि नाटकाचे नावच मुळी 'मानापमान'! परंतु का कोण जाणे, माझ्या तोंडून निघाली ती भलतीच गोष्ट. "बसा," मी म्हणालो, "तुम्हांला पॅरिसमधल्या एका पत्रिकेची हकीगत सांगतो."

ही हकीगत माझ्या वाट्याला आली तीही शिकवण्याच्या निमित्ताने. नवकाव्य शिकवताना 'अतिवास्तववाद' हा शब्द आम्हां मास्तरांना उठल्याबसल्या वापरावा लागतो. एका वर्षी एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, "सर, हा शब्द पहिल्यांदा काढला कोणी?" मी वेळ मारून नेली आणि ग्रंथालयात जाऊन शोधू लागलो. पाहतो तो काय, हा भारदस्त शब्द कुठल्या तत्त्वज्ञाच्या प्रबंधातून नव्हे, तर एका नाचाच्या कार्यक्रमपत्रिकेतून जगापुढे आलेला! नाचाचे नाव 'पराद'. पहिला प्रयोग १८ मे १९१७ रोजी पॅरिसच्या शातले नाट्यगृहात झाला. पत्रिकेतले टिपण लिहिले होते गीयोम आपोलिनेर या कवीने. युद्धात त्याच्या डोक्यात तोफगोळ्याची कपची घुसली होती, शस्त्रक्रिया करावी लागली होती, आणि प्रयोगाला तो डोक्याला पट्टी बांधून लष्करी गणवेशातच आला होता. चित्र आणि नृत्य यांची अशी काही सांगड इथे पडली आहे की त्यातून एक प्रकारचे 'अति-वास्तव' जन्मले आहे, अशा आशयाचे त्याने लिहिले. पुढे १९२४ साली आंद्रे ब्रतों याने त्या शब्दाचा जाहीरनामा केला. मग पंथ आला, अनुयायी आले, हकालपट्ट्याही आल्या. पण मुळात तो शब्द चार कलावंतांनी मिळून केलेल्या कामाला उद्देशून होता, हे मला फार आवडले.

'पराद' म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. जत्रेत तंबूबाहेर एक मचाण असते. त्यावर एक विदूषक कोलांट्या मारतो, एक मुलगी दोरीवर चार पावले चालून दाखवते, आणि तिकिटे विकणारा बेंबीच्या देठापासून ओरडतो, 'आत या, खरा खेळ आत आहे!' त्या बाहेरच्या नमुन्याला फ्रेंच जत्रेत 'पराद' म्हणतात. ज्याँ कॉक्तो या कवीची कल्पना अशी की, तीन मॅनेजर तंबूबाहेर आपापल्या कलावंतांचा नमुना पेश करतात. एक चिनी जादूगार, एक अमेरिकन छोकरी, दोन कसरतपटू. लोकांना वाटते, हाच खेळ! ते बाहेरच पाहतात आणि आत कोणी जात नाही. मॅनेजर ओरडून ओरडून कोसळतात, कलावंत स्वतः येऊन विनवतात, तरी तंबू रिकामाच राहतो. एवढीच गोष्ट. सारा खेळ पंधरा-वीस मिनिटांचा.

कॉक्तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पैसेवाल्या घरचा, हुशार, नि आपण हुशार आहोत हे क्षणभरही न विसरणारा. काही वर्षांपूर्वी 'बॅले रूस' या रशियन नृत्यमंडळीचा मालक सर्गेई द्यागिलेव्ह त्याला म्हणाला होता, 'मला चकित करून दाखव.' ते वाक्य त्याच्या मनात काट्यासारखे रुतून बसले. १९१६ च्या वसंतात त्याने एरिक साती याच्या पियानोच्या काही रचना ऐकल्या. त्यांचे नाव 'नासपतीच्या आकाराचे तीन तुकडे'. प्रत्यक्षात आहेत सात! तुमच्या संगीताला आकार नाही, असे कोणी म्हणाले म्हणून सातीने हा फळाचा आकार दिला, अशी आख्यायिका आहे. कॉक्तोने तिथेच ठरवले, संगीत देणार तर हाच माणूस.

हा साती म्हणजे एक प्रकरणच होते. वय पन्नाशीचे. पॅरिसबाहेर आर्क्य या गावात एका खोलीत राहायचा आणि कित्येकदा शहरापर्यंत पायीच यायचा. एकोणचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा विद्यार्थी झाला होता आणि पोरांबरोबर बाकावर बसून संगीताचे व्याकरण शिकला होता. वर्गात मागच्या बाकावर एखादा पोक्त विद्यार्थी दिसला की मला हटकून त्याची आठवण होते. त्या आर्क्यच्या खोलीत सत्तावीस वर्षे त्याने कोणालाही येऊ दिले नाही. १९२५ साली तो वारल्यावर मित्रांनी दार उघडले तेव्हा आत छत्र्यांचा ढीग, एकसारखे मखमली सूट आणि एकावर एक रचलेले दोन पियानो सापडले.

मग कॉक्तोने पाब्लो पिकासोला गाठले. घनवादाचा हा अध्वर्यू, आणि तो नाचाचे पडदे रंगवणार म्हणताच माँपार्नासच्या कॅफेतल्या कर्मठ मंडळींच्या भुवया उंचावल्या. मला हे ऐकून हसू आले. बंडखोरांतही सोवळेओवळे असतेच!

पिकासो आला आणि कॉक्तोचे आसन डळमळू लागले. सप्टेंबर १९१६ मध्ये साती व्हालांतीन ग्रोस या चित्रकर्तीला पत्रातून कळवतो की, पिकासोच्या कल्पना मला कॉक्तोच्या कल्पनांपेक्षा जास्त पसंत आहेत, पण हे आता कॉक्तोला सांगायचे कसे? आणि ही गोष्ट खुद्द पिकासोला कळली तेव्हा त्याने सातीला सांगितले की, तू आपला कॉक्तोच्या संहितेवरच काम चालू ठेव. पिकासोच्या अंगी मुत्सद्देगिरीही होती, हे मला ठाऊक नव्हते.

कॉक्तोचा बेत होता की मॅनेजरांच्या तोंडचे शब्द पडद्याच्या छिद्रातून कर्ण्याने ऐकवायचे. नृत्यनाट्यात बोलणे नको म्हणून ते गेले. आवाजाच्या जागी पिकासोने दहा-दहा फूट उंचीचे, पुठ्ठ्याचे, चालतेबोलते मनोरे उभे केले. अमेरिकन मॅनेजरच्या पाठीवर तर गगनचुंबी इमारतीच. त्या ओझ्याखाली नाचणारा माणूस पाय आपटीत चाले आणि ते पाय आपटणे हाच त्याचा संवाद. तिसरा मॅनेजर घोड्यावर बसवायचा होता. माणसाऐवजी घोड्यावर बाहुला बसवला. तालमीत तो काही केल्या टिकेना. शेवटी स्वार गेला आणि दोन माणसांचा घोडा तेवढा एकटा नाचत राहिला. कॉक्तोच्या हाती उरले काय? काही आवाज. टंकयंत्राची टकटक, पिस्तुलाचा बार, भोंगा, विमानाची घरघर. त्यांतलेही बरेचसे पहिल्या प्रयोगात ऐकू आलेच नाहीत. आणि साती म्हणे, 'कॉक्तोला जे आवाज आवश्यक वाटतात त्यांच्यासाठी मी नुसती पार्श्वभूमी तयार केली आहे.'

म्हणजे पाहा. ज्याच्या डोक्यातून हे सारे निघाले तो कवी, आणि प्रयोगात त्याचा एक शब्द नाही!

हे मी सांगत होतो तेव्हा आमच्या लेखक विद्यार्थ्याचा चेहरा उतरला आणि संगीतकाराचा उजळला. भिंतीशी उभी असलेली मुलगी पहिल्यांदाच हसली.

फेब्रुवारी १९१७ मध्ये कॉक्तो नि पिकासो रोमला गेले. नृत्यमंडळींचा मुक्काम तिथे होता. सातीने मात्र पॅरिस सोडले नाही. रोमला वीस वर्षांचा लिओनीद मास्सीन नाच बसवीत होता. पिकासोने तिथे नेपथ्याचे काम केले, पाँपेई पाहिले आणि मंडळीतल्याच ओल्गा खोखलोवा या नर्तकीच्या प्रेमात पडून पुढल्या वर्षी तिच्याशी लग्नही केले. आणि त्याने एक दर्शनी पडदा रंगवला. सुमारे साडेदहा मीटर उंच नि सोळा मीटर रुंद. गंमत अशी की या पडद्यावर घनवादाचा मागमूस नाही. सर्कसची मंडळी खेळाच्या आधी जेवायला बसली आहेत, पंखांची घोडी आपल्या शिंगराला पाजते आहे, तिच्या पाठीवर एक पंखवाली मुलगी उभी आहे आणि शिडीवरच्या माकडाकडे हात करते आहे. मी हा पडदा छापील चित्रांतच पाहिला आहे; पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात तो आहे. पण छापील चित्रातही त्याच्याकडे पाहताना आपण एखाद्या कुटुंबाच्या जेवणात डोकावतो आहोत असे वाटते.

पहिल्या प्रयोगाला या पडद्याने लोक सुखावले. मग तो वर गेला, ते मनोरे पाय आपटीत आले, भोंगा वाजला आणि प्रेक्षागृहात एकच गदारोळ उडाला. एप्रिलमधल्या चढाईत फ्रान्सची हजारो मुले मेली होती, सैन्याच्या तुकड्या बंड करू लागल्या होत्या. आणि इथे घोड्याचे सोंग! लोकांनी 'बॉश!' म्हणून शिव्या दिल्या; म्हणजे जर्मन. आपोलिनेरची पट्टी पाहून लोक आवरले, नाहीतर बायकांनी टोपीच्या टाचण्यांनी आमचे डोळे फोडले असते, असे कॉक्तो पुढे सांगत असे. कॉक्तोचे सांगणे निम्मेच खरे धरावे. पण त्या प्रेक्षकांना मी हसू शकत नाही. घरात सुतक असताना शेजारी ताशा वाजला तर आपणही हेच म्हणू.

आता पुढची गोष्ट. ज्याँ पुएग नावाच्या एका समीक्षकाने प्रयोगानंतर सातीचे अभिनंदन केले आणि वर्तमानपत्रात मात्र त्याच्या संगीताची यथेच्छ निंदा केली. साती संतापला. त्याने पुएगला शिवी लिहून पाठवली, आणि ती पाठवली उघड्या कार्डावर. एक नव्हे, अनेक. पाकिटात घातली असती तर ती दोघांतली गोष्ट राहिली असती. कार्ड पडले इमारतीच्या दरवानणीच्या हाती. पुएगने अब्रुनुकसानीची फिर्याद केली. सातीला आठ दिवसांची कैद, दंड आणि भरपाई अशी शिक्षा झाली. कोर्टात आरडाओरडा केला म्हणून पोलिसांनी कॉक्तोलाही धरले, असे सांगतात. ज्याचा एकही शब्द प्रयोगात राहिला नव्हता तो कॉक्तो सातीसाठी पोलिसांचा मार खायला उभा राहिला! अखेर पॉलिन्याकच्या प्रिन्सेसने पैशांची तजवीज केली आणि कैद टळली.

इथवर आलो आणि मी एकाएकी थांबलो. मुलांना वाटले, गोष्ट संपली. "मग नावं कशी छापायची, सर?" "उद्या या," मी म्हणालो.

मुलांना जे सांगितले नाही ते आपल्याला सांगतो.

कॉलेजात असताना आम्ही तिघे मित्र होतो. मी लिहीत असे, एक हार्मोनियम वाजवीत असे, तिसरा चित्रकलेचे वर्ग करी. २००१ साली संमेलनासाठी आम्हीही एक संगीतिका केली. दुष्काळात गाव सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाची ती गोष्ट होती. माझ्या मते तिचा प्राण म्हणजे शेवटचे बारा ओळींचे गाणे. मी ते रात्र रात्र जागून लिहिले होते. प्रयोगाच्या दोन दिवस आधी हार्मोनियमवाला म्हणाला, "अरे, इथं शब्द नकोत. मी नुसती पेटी वाजवतो." मी म्हणालो, "डोकं फिरलंय का तुझं?" मी नाही म्हणालो, तो हो म्हणाला. प्रयोगाच्या दिवशी ऐन वेळी त्याने गाणाऱ्या मुलीला डोळ्यांनीच थांबवले आणि एकटी पेटी वाजवली. मागे आमच्या चित्रकाराचा पडदा; चार मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेला. त्यावर उघडे दार नि दारात राहून गेलेली एक चप्पल. पेटी थांबली तेव्हा सभागृहात चिटपाखरू बोलत नव्हते. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

त्या टाळ्या मी विंगेत उभा राहून ऐकल्या. माझ्या बारा ओळी माझ्या खिशात होत्या.

चार दिवसांनी मी त्याला पत्र लिहिले. कार्डावर. काय लिहिले ते इथे सांगण्याजोगे नाही. त्याच्या कलेबद्दल एक वाक्य होते, पण दुसरे वाक्य त्याच्या घरच्या परिस्थितीबद्दल होते. त्याचे वडील गिरणी बंद पडल्यापासून घरीच असत. पोस्टमन येई तेव्हा दारात तेच बसलेले असत, हे मला पुरते ठाऊक होते. पाकीट हाताशी नव्हते म्हणून कार्ड लिहिले, असे मी कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. टेबलाच्या खणात पाकिटे होती.

त्याने उत्तर दिले नाही. नोकरी धरून तो नागपूरकडे गेला. भजनी मंडळात पेटी वाजवतो, एवढे कानावर येई. चित्रकार मात्र आम्हां दोघांशी सारखा वागत राहिला. याच्याकडे गेला की त्याचे नाव काढायचे नाही, त्याच्याकडे गेला की याचे. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मी सोमवारी त्याच्या घरी गेलो, तर कळले, पेटीवाला रविवारीच येऊन गेला. वहिनींनी आतून कापडाची एक गुंडाळी आणून माझ्या हातात ठेवली. "हा तुम्हां तिघांचा पडदा. ते काल नेतो म्हणाले नाहीत, मीही सुचवलं नाही. तुम्हीच ठेवा, भाऊजी."

ती गुंडाळी आमच्या कपाटावर पडून आहे. पत्नी दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी विचारते, "हिचं काय करायचं?" मी म्हणतो, "राहू दे." उघडून पाहिलेली नाही. एक तर पडदा मोठा, आमच्या दिवाणखान्यात तो मावायचा नाही.

मुले दुसऱ्या दिवशी आली ती हसतच आली. त्यांनी नावे अकारविल्हे छापायचे ठरवले होते. त्यामुळे नेपथ्य करणाऱ्या मुलीचे नाव पहिले आले, आणि आता दोघेही तिच्यावर नाराज होते. तिला त्याचे काही नव्हते. तिला सभागृहाच्या रंगमंचाची लांबीरुंदी हवी होती, आणि ती कार्यालयात कोणी सांगेना.

ती गेल्यावर मी वहिनींना फोन करून नागपूरचा पत्ता घेतला. पिन कोड त्यांना आठवेना. मग त्यांच्या मुलाने शोधून दिला. शिपायाला पैसे दिले नि पोस्टातून पाकीट आणायला सांगितले. तो विचारीत होता, "एकच आणू का, सर?" "चार आण," मी म्हणालो. पहिली दोन-तीन तरी वाया जाणार होती. तीन गेली. चौथ्यात पडदा माझ्याकडे असल्याचे लिहिले आहे, दिवाळीच्या सुटीत आमच्या कॉलेजचे सभागृह मोकळे असते असे लिहिले आहे, आणि त्या कार्डाबद्दल लिहिले आहे. सभागृहात पेटी आहे. तिचा एक सूर जरा दबतो, तेही कळवले आहे.